शाईवर आळ: चतुर्थीच्या तोंडावर बिघडलेल्या १९ टी-शर्टांचं प्रकरण

कुडाळात आमचं छपाईचं छोटं दुकान आहे. पुढे झेरॉक्स आणि लॅमिनेशन, मागच्या खोलीत सब्लिमेशनचा, म्हणजे कागदावर छापलेलं चित्र उष्णतेने कापडात उतरवायच्या पद्धतीचा प्रिंटर, आणि त्यासाठी कागद कापडावर गरम दाबणारा हीट प्रेस. मी आणि माझा भाचा मिळून चालवतो. चतुर्थीला नऊ दिवस असताना शेजारच्या गावातल्या भजनी मंडळाची ऑर्डर आली. ६४ टी-शर्ट, पांढरे, छातीवर गणपती आणि पखवाज, खाली मंडळाचं नाव ठळक काळ्या अक्षरांत, भोवती निळी किनार. यांतले ४० टी-शर्ट आमच्याकडच्या डॉट निट नावाच्या पॉलिएस्टर कापडाचे. उरलेले २४ मंडळाच्या चाकरमान्यांनी मुंबईहून स्वस्तात आणले होते. लेबलवर १०० टक्के पॉलिएस्टर असं छापलेलं होतं, म्हणून मीही घेतले.

मंगळवारी दिवसभरात २७ झाले, संध्याकाळी आणखी १३. बुधवारी सकाळी मंडळाचे बुवा स्वतः बघायला आले. मी वरचा गठ्ठा उचलून दारात उजेडाला नेला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक टी-शर्ट उलगडला, हाताच्या अंतरावर धरला, मान तिरकी केली.

"काय गो बाय, ह्यो काळो रंग मा? माका तर च्यायचो दिसता."

बघितलं तर खरंच. मंडळाचं नाव काळं नव्हतं, कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं, आणि चित्राच्या कडा मधल्या भागापेक्षा फिक्या. आदल्या संध्याकाळचे सगळे १३ तसेच. मागच्या खोलीत पिवळा बल्ब आहे, त्याखाली तपकिरी आणि काळा यांत फरक कळत नाही. तेवढ्यात भाचा आतून आला, हातात मुंबईच्या टी-शर्टांपैकी सहा. ते तर तपकिरीसुद्धा नव्हते. सगळं चित्रच धुरकट, जणू दोन पावसाळे वापरलेला टी-शर्ट.

दोन दिवसांपूर्वीच मी नवी शाई भरली होती. नेहमीची संपत आली होती, दुसऱ्या कंपनीची जरा स्वस्त मिळाली. त्यामुळे गुन्हेगार कोण याबद्दल आमच्या मनात शंकाच उरली नाही. मी तिथल्या तिथे कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि नको ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "ताई, आधी बघा, मग बोला." मी फोन ठेवला.

पुढचे दोन दिवस बघण्यातच गेले. तपासाचा क्रम लागण्यासाठी आधी ही शाई नेमकं काय करते ते सांगावं लागेल.

बाटलीत काय असतं

झेरॉक्सची पूड कागदावर वितळून चिकटते. साध्या प्रिंटरची शाई कागदात मुरते. सब्लिमेशनच्या शाईचं काम कागदावर पुरं होतच नाही. कागद तिच्यासाठी नुसती होडी आहे, पलीकडच्या काठावर उतरायचं आणि होडी सोडून द्यायची.

बाटलीत बहुतेक पाणीच असतं. त्यात ग्लिसरीनसारखं काहीतरी असतं, म्हणजे प्रिंटरच्या हेडची, शाई फवारणाऱ्या भागाची, भोकं सुकून बंद होत नाहीत. आणि असतात रंगाचे अतिशय बारीक घन कण. हे कण पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगत राहावेत म्हणून त्यांना वेगळं द्रव्य लावलेलं असतं. या रंगांना डिस्पर्स डाय म्हणतात. १९२० च्या दशकात अ‍ॅसिटेट नावाचं कृत्रिम कापड आलं. त्याला नेहमीचे रंग लागेनात, तेव्हा हे रंग तयार झाले. पुढे पॉलिएस्टरलाही हेच उपयोगी पडले. कागदावरून वाफेच्या वाटेने रंग कापडात न्यायच्या पद्धतीचं श्रेय फ्रान्समधल्या नोएल द प्लास यांना देतात, साल १९५७.

उष्णता लागली की हा घन रंग वितळत नाही, सरळ वायू होतो. ज्यांच्या देवघरात कापराची डबी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. बरेच दिवस न उघडलेल्या डबीच्या झाकणाला आतून पांढरे चकचकीत कण चिकटलेले दिसतात. वडी खाली होती, मध्ये कुठे वितळून ओली झाली नाही, तरी कापूर वर पोचला. शाईतला रंगही तसाच जातो, फक्त त्याला १८० ते २१० अंश सेल्सिअसची आच लागते.

वायू झालेला रंग जातो कुठे? पॉलिएस्टरचा धागा म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. साधारण ७० ते ८० अंशांच्या पुढे त्याच्या आतल्या साखळ्या सैल व्हायला लागतात, २०० च्या आसपास चांगल्याच मोकळ्या होतात. (२५० च्या वर तो वितळतोच, म्हणून तिथवर जायचं नाही.) रंगाचा वायू त्या सैल जागांत शिरतो. प्रेस उघडला, कापड थंड झालं, की साखळ्या पुन्हा आवळतात आणि रंग आत अडकतो. म्हणून चांगल्या सब्लिमेशनवर हात फिरवला तर चित्र हाताला लागत नाही. सुताच्या धाग्यात अशी जागाच नसते. रंग वरवर बसतो आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात निघून जातो.

यातूनच दुकानात रोज विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर मिळतं. या शाईत पांढरा रंग नसतो. पांढरं म्हणजे कापडाचं मूळ पांढरं. काळ्या टी-शर्टवर पांढरी अक्षरं हवीत असं दर चतुर्थीला निदान दहा जण मागतात आणि दर वर्षी मी नाही म्हणते.

एकच कागद, चार पट्ट्या

आता तपास. शाईच वाईट आहे हे सिद्ध करायचं तर शाई सोडून बाकी सगळं सारखं ठेवायला हवं. पण टाकीतली शाई काढून जुनी भरणं सोपं नाही, हेड आणि नळ्यांत ती असतेच. भाच्याने उलटी युक्ती काढली. म्हणाला, मावशी, आपण शाई सारखी ठेवू आणि बाकीचं बदलून बघू.

आधी नोझल चेक, म्हणजे हेडची सगळी भोकं चालू आहेत का ते दाखवणारा रेघांचा नमुना, छापला. एकही रेघ तुटलेली नव्हती. मग एकाच कागदावर काळा, निळा, लाल, पिवळा असे चौकोन ओळीने छापले आणि त्या कागदाच्या उभ्या चार पट्ट्या कापल्या. चारही पट्ट्यांवर तीच शाई, तोच कागद, एकाच वेळची छपाई. आता त्यांत फरक पडला तर तो शाईचा असूच शकत नाही.

पहिली पट्टी बुधवारी सकाळी दहाला आमच्याच डॉट निटच्या तुकड्यावर दाबली. २०० अंश, ५० सेकंद, प्रेसच्या मधोमध. काळा झाला काजळासारखा. मी गप्प बसले.

दुसरी पट्टी संध्याकाळी सातची. आदल्या संध्याकाळी भाचा करत होता तसंच करायला त्याला सांगितलं. आधी पाच कोरे टी-शर्ट पाठोपाठ दाबायचे, सहाव्याला पट्टी ठेवायची, तीही प्रेसच्या कोपऱ्यात. उघडलं तर तपकिरी. तोच बुवांचा चहा.

या वेळी मी मात्र प्रेसच्या आकड्याकडे बघत होते. दर टी-शर्टला तो २०० वरून १९१-१९२ वर येत होता आणि पुन्हा वर चढायला वेळ लावत होता. भाच्याला घाई, तो १९४ झाले की पुढचा ठेवत होता. पुढच्या खोलीत फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर व्होल्टेज दिसतं. सकाळी २२८ होतं, आता १९०.

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज डाउन होतंच. वर्षभर बंद असलेली घरं उघडतात, विहिरीवरचे पंप चालू होतात, घरोघर मिक्सर, फ्रिज, मखराच्या माळा. हे आम्हाला ठाऊक होतं. त्याचा प्रेसशी संबंध लागला नव्हता. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० चं १९० झालं म्हणजे व्होल्टेज घटलं सुमारे १७ टक्के, पण उष्णता घटली सुमारे ३२ टक्के. आमचा २ किलोवॅटचा प्रेस त्या संध्याकाळी १३६० वॅटचा झाला होता. शिवाय तापमानाचा सेन्सर असतो प्लेटच्या मध्याजवळ. कोपऱ्यात काय चाललंय ते आकडा सांगत नाही. आच लागली की रंग बदलणारे तापमानाचे स्टिकर मिळतात, ते नंतर लावून बघितले. मध्यावर १९० च्या पुढचा चौकोन काळा झाला, कोपऱ्यात १७७ चा जेमतेम.

पण आच कमी पडली तर सगळंच चित्र फिकं व्हायला हवं. काळाच तपकिरी का व्हावा? कारण शाईतला काळा हा एक रंग नाही. तो निळा, नारिंगी, तांबूस अशा दोन-तीन रंगांचं मिश्रण असतो आणि प्रत्येकाचा वायू व्हायचा स्वभाव वेगळा. काही कमी आचेवर उठतात, काहींना जास्त लागते. आमच्या या शाईतला निळा आळशी निघाला. नारिंगी आणि तांबूस उतरून कापडात पोचले, निळा कागदावरच बसून राहिला. काळ्यातून निळा वजा केला की उरतो चहा. संध्याकाळच्या टी-शर्टांचे टाकून दिलेले कागद मी केराच्या टोपलीतून काढून बघितले. सकाळच्या कागदांवर फिकट राखाडी छाप उरला होता. संध्याकाळच्या कागदांवर निळसर.

या टोपलीचं मला अजून वाईट वाटतं. पुरावा रात्रभर तिथेच पडून होता.

तिसरी पट्टी लगेच सव्वासातला. व्होल्टेज तेच, पण या वेळी आकडा पुरा २०० वर येऊ दिला, पट्टी मधोमध ठेवली आणि ६५ सेकंद धरलं. काळा परत आला. शाई निर्दोष सुटली, निदान या गुन्ह्यातून.

इथे जरा थांबून एक सांगते. काळा तपकिरी झाला तर तापमान वाढवा असं कोणी सांगतं, कमी करा असंही तितक्याच ठामपणे सांगतात. दोन्ही बरोबर असू शकतं. जास्त वेळ, जास्त आचेवर ठेवलं तरी काळ्यातला एखादा घटक निसटतो आणि कडा पसरतात. आपल्या शाईत कोणता रंग मागे राहतो आणि कोणता पुढे पळतो हे पट्टी दाबल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्याचे आकडे त्याच्या शाईचे, त्याच्या प्रेसचे आणि त्याच्या गावातल्या लाइटचे असतात.

मुंबईचे सहा

उरली चौथी पट्टी. ती गुरुवारी सकाळी, चांगल्या व्होल्टेजवर, मुंबईच्या टी-शर्टवर दाबली. धुरकटच आली. म्हणजे हा आजार वेगळा. दोन आजार एकाच सकाळी समोर आले म्हणून आम्ही त्यांना एक समजलो होतो.

भाचा म्हणाला कापड बघू. शिवणीतून एक धागा ओढला, चिमट्यात धरून काडी लावली. धागा आक्रसला, वितळला, टोकाला काळा टणक मणी झाला. "पॉलिएस्टरच आहे, मावशी." मी मान डोलावणार होते. मग लक्षात आलं, त्याने ओढला तो शिलाईचा दोरा. तो तर सुती सदऱ्यालासुद्धा बऱ्याचदा पॉलिएस्टरचाच असतो.

खालच्या पट्टीच्या आतून कापडाचाच एक तुकडा कातरला. उसवून त्यातले धागे सुटे केले आणि पुन्हा काडी लावली. या वेळी आधी कागद जळल्याचा वास आला. ज्योत विझल्यावर टोक काही क्षण उदबत्तीसारखं धुमसत राहिलं. राख बोटांत चुरली तर मऊ होती, आणि तिच्यात मोहरीपेक्षा बारीक टणक कण. सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेलं, ज्याला बाजारात पीसी म्हणतात ते. सूतच जास्त असावं. लेबलवर काय छापलंय याला काही अर्थ नव्हता.

अशा कापडावर जेवढं पॉलिएस्टर तेवढाच रंग टिकतो. मधले सुताचे धागे पांढरेच राहतात, म्हणून चित्र धुरकट. शाई बदला, तापमान बदला, वेळ दुप्पट करा, फरक पडत नाही.

याचीही खूण आधी दिसली होती. छापण्याआधी आम्ही टी-शर्ट पाच-सात सेकंद कोराच दाबून घेतो, ओल जावी म्हणून. आमचे डॉट निट दाबताना काही दिसत नाही. मुंबईचे दाबले तेव्हा प्रेसच्या फटीतून वाफ निघाली होती आणि भाच्याच्या चष्म्यावर धुकं आलं होतं. आम्ही हसलो होतो. पॉलिएस्टर वजनाच्या अर्धा टक्काही ओल धरत नाही. सूत साध्या हवेत ७-८ टक्के धरतं आणि कोकणातल्या श्रावण-भाद्रपदात त्याहून जास्त. एका टी-शर्टात चमचा-दीड चमचा पाणी सहज मावतं. चष्म्यावरचं धुकं म्हणजे कापडाची जातच सांगत होती.

शाईचा जो थोडा दोष होता तो

शाई अगदीच साधी निघाली नाही. निळी किनार बिघडली होती, दिवसा छापलेल्या चांगल्या २७ टी-शर्टांवरसुद्धा ती जांभळ्याकडे झुकली होती. बुवांना ते दिसलं नाही, मला दिसलं. याचं कारण व्होल्टेज नव्हतं, मी होते. संगणकातल्या रंगाचं शाईत भाषांतर करणारी फाइल, जिला प्रोफाइल म्हणतात, ती जुन्या कंपनीच्या शाईची होती. नवी शाई भरली आणि फाइल तशीच ठेवली. त्यावर कडी म्हणजे टाकीत पाव भाग जुनी शाई असतानाच वरून नवी ओतली. दोन कंपन्यांची तरंगत ठेवणारी द्रव्यं वेगळी असू शकतात, एकत्र आली तर कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात आणि हेड चोंदतं. तसं झालं नाही हे नशीब.

व्यापाऱ्याला परत फोन केला. माफी मागितली. त्याने प्रोफाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि विचारलं, "बाटली ओतण्याआधी हलवलीत ना?" हलवली नव्हती. कण तरंगते असले तरी जड असतात, बाटली महिनाभर फळीवर उभी राहिली की तळाशी बसतात. रिकामी झालेली बाटली उन्हाकडे धरून बघितली, तर तळाला नदीच्या गाळासारखा थर. हलवायचं तेही जोरात नाही, फेस होऊन हवेचे बुडबुडे नळीत जातात. बाटली आडवी धरून हळूहळू लोळवायची.

मग काय केलं

१३ तपकिरी टी-शर्ट परत दाबून सुधारतील का, हे त्यांतल्या दोन टी-शर्टांवर करून बघितलं. नाही सुधारले. मागे राहिलेला निळा कापडावर नव्हताच, कागदाबरोबर टोपलीत गेला होता. आमच्या साठ्यातले १३ नवे घेतले आणि शुक्रवारी सकाळी नऊ ते बारा या वेळात छापले. नुकसान आमचं.

मुंबईच्या २४ साठी मी बुवांना दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे कापड बदला. दुसरी डीटीएफ. त्यात फिल्मवर वेगळ्या शाईने चित्र छापतात, मागे पांढरा थर आणि गोंदाची पूड असते, ते गरम दाबून चिकटवतात. सुतावर चालतं, आणि पांढऱ्या थरामुळे आधीचं धुरकट चित्र खाली झाकलं जातं, म्हणजे ते सहाही वाया जात नाहीत. पण छातीवर पातळ रबरासारखं लागतं. नमुना दाखवला. बुवांनी त्यावर दोन बोटं फिरवली.

"पत्रो लावल्यासारखां वाटता." थोड्या वेळाने म्हणाले, चालेल, चाकरमान्यांनी आणलेत तर तेच घालतील. फिल्म कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने आल्या. खर्च अर्धा मंडळाचा, अर्धा माझा. लेबल न तपासता कापड घेतलं ही चूक माझीही होती.

त्या वर्षानंतर प्रेसला स्वतंत्र स्टॅबिलायझर आहे. चतुर्थीच्या महिन्यात संध्याकाळी सहानंतर प्रेस चालवत नाही, पुढच्या दिवसाचे कागद छापून ठेवतो. कोरे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. मागच्या खोलीतला पिवळा बल्ब गेला. गिऱ्हाइकाने कापड आणलं की त्याच्यासमोर आतून तुकडा कातरून काडी लावते. काहींना राग येतो, येऊ दे.

१३ तपकिरी टी-शर्ट माळ्यावर होते. बुवांनी त्यांतले दोन नातवंडांसाठी नेले, एक मी दुकान झाडताना घालते. पहिल्या धुण्यात थोडा रंग सुटला, त्यानंतर नाही. दीड वर्ष झालं, मंडळाचं नाव अजून तितकंच चहाच्या रंगाचं आहे.